मधुमेह-सूचक श्वान

मधुमेह-सूचक श्वान : इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीकडे घसरू लागली किंवा फार चढली, की त्याच्या श्वासाच्या व घामाच्या बदललेल्या वासावरून ते ओळखून ठरावीक खूण करणारा, शिकवलेला कुत्रा. तो रोग बरा करीत नाही, साखरेचा आकडाही सांगत नाही. त्याचे काम वेळेवर उठवण्याचे. रक्तशर्करा ७० मिग्रॅ./डेलि.च्या खाली गेली की तिला कमी मानतात. ५४च्या खाली गेली तर मेंदूला साखर अपुरी पडू लागते आणि माणूस गोंधळतो, बरळतो, पुढे बेशुद्ध होतो. घाम फुटणे, हात थरथरणे, पोटात भुकेचा खड्डा पडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही शरीराची स्वतःची सूचना. बरीच वर्षे इन्सुलिन घेतलेल्या आणि शुगर वारंवार खाली गेलेल्या रुग्णांत ही सूचना हळूहळू बंद पडते. अशांसाठी, आणि ज्यांना सांगता येत नाही त्या लहान मुलांसाठी, हा कुत्रा आहे.

टाइप-१ मधुमेहाचे मूल असलेल्या घरात हे काम बहुधा आई करते. धाराशिव जिल्ह्यातले एखादे गाव घ्या. पहाटे अडीच-तीनचा सुमार, लाइट गेल्याने पंखा थांबलेला, आठ-नऊ वर्षांची मुलगी आईशेजारी झोपलेली. आई झोपेतच हात लांब करून तिच्या मानेखाली चाचपते. मान कोरडी असली तर कूस बदलते. ओली आणि गार लागली तर उठून बॅटरीच्या उजेडात ग्लुकोमीटर शोधते, बोटाला सुई टोचते, थेंब स्ट्रिपला लावते आणि पाच सेकंद आकड्याची वाट पाहते. उकाड्याचा घाम कुठला आणि शुगरचा कुठला, हे तिला स्पर्शावरून कळू लागलेले असते. ही पाळत वर्षानुवर्षे चालते. तिच्यातला रात्रीचा काही भार कुत्र्याच्या नाकावर सोपवता येईल का, हा या विषयाचा गाभा.

इतिहास : आरंभ शिकवलेल्या कुत्र्यांपासून झाला नाही. घरातले साधे कुत्रे मालकाची साखर उतरली की विचित्र वागतात, असे रुग्णच डॉक्टरांना सांगत असत. १९९२ साली ब्रिटनमध्ये मधुमेहींच्या पाळीव प्राण्यांविषयी वैद्यकीय नियतकालिकात नोंद आली. डिसेंबर २०००मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तीन कुत्र्यांची हकीकत छापली. त्यांपैकी कँडी ही संकरित कुत्री मालकिणीची साखर घसरली की उठून पळे आणि खुर्चीखाली दडून बसे. मालकिणीने काही खाल्ले की मगच बाहेर येई. सुसी मालकिणीला रात्री ढोसून जागे करी. नॅट हा गोल्डन रिट्रीव्हर झोपण्याच्या खोलीचे दार ओरबाडी. तिघांनाही कोणी काही शिकवलेले नव्हते. २००८ साली टाइप-१ मधुमेह असलेल्या २१२ श्वानमालकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी सु. ६५ टक्क्यांनी आपला कुत्रा निदान एकदा तरी शुगर उतरताना वेगळा वागल्याचे सांगितले.

अमेरिकेत स्वतः टाइप-१ मधुमेही असलेले मार्क रूफेनाख्ट यांनी २००४ साली कॅलिफोर्नियात ‘डॉग्ज फॉर डायबेटिक्स’ ही संस्था काढली. ब्रिटनमध्ये क्लेअर गेस्ट यांच्या पुढाकाराने २००८ साली ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ उभी राहिली. आजवरचे बहुतेक प्रशिक्षण आणि संशोधन या दोन देशांतच झाले आहे.

वासाचे मूळ : माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी सु. ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० ते ३० कोटींच्या घरात. कुत्रा नेमके काय हुंगतो, यावर मात्र एकमत झालेले नाही. साखर फार चढून कीटोन वाढले की श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो आणि तो अनुभवी डॉक्टरच्या नाकालाही जाणवतो; त्याचे कारण ॲसिटोन. साखर उतरतानाचा वास सूक्ष्म असतो. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी टाइप-१ मधुमेहाच्या आठ स्त्रियांची साखर देखरेखीखाली उतरवून श्वास तपासला, तेव्हा त्यात आयसोप्रीन हा वायुरूप पदार्थ ठळकपणे वाढलेला आढळला. मात्र कुत्रे त्याच वासावर खूण करतात, हे त्या प्रयोगाने दाखवलेले नाही. कदाचित अनेक वासांचे मिश्रण ते ओळखत असतील. शिवाय कुत्रा डोळे मिटून हुंगत नसतो. मालकाचा थरथरता हात, अडखळणारी चाल, बदललेला आवाज हेही त्याला दिसते-ऐकू येते, आणि यातले किती नाकाचे व किती डोळ्यांचे, हे घरातल्या घरात वेगळे काढता येत नाही.

प्रशिक्षण : कच्चा माल म्हणजे नमुना. रुग्णाची शुगर मीटरवर ७०च्या खाली दिसली की साखर खाण्याआधी कापसाचा बोळा तोंडात धरतात किंवा कातडीवर फिरवतात, लगेच झाकणबंद बरणीत टाकतात, त्यावर वेळ व आकडा लिहितात आणि ती बर्फकप्प्यात ठेवतात. (साखर फारच खाली असेल तर आधी साखर, नमुन्याचे नंतर बघू.) त्याच माणसाचा, त्याच कापसाचा, शुगर ठीक असतानाचा नमुनाही हवाच. तो नसेल तर कुत्रा ‘हा आमचा माणूस’ किंवा ‘हा कापूस’ एवढेच शिकतो आणि शिकवणाऱ्याला वाटते, शुगर शिकला. हाताळताना हातमोजे घालतात, कारण शिकवणाऱ्याच्या बोटांचा वास बरणीला लागला तर कुत्रा बोटांचा माग काढील.

पहिल्या आठवड्यांत एकच बरणी असते. कुत्र्याने नाक घातले की चुटकीसारखा आवाज करणारे क्लिकर वाजते आणि खाऊ मिळतो. मग दोन बरण्या, चार, सहा. एकीतच खरा नमुना, बाकीच्यांत कोरा कापूस, शुगर ठीक असतानाचा नमुना, कधी पावाचा तुकडा. कुत्रा रांगेतून जातो, एका बरणीशी श्वास रोखतो, मागे येऊन पुन्हा हुंगतो, शेपटी ताठ होते आणि तो तिथेच खाली बसतो. पाहणाऱ्याला हा क्षण फार मोहात पाडतो. म्हणूनच इथे एक नियम कडक पाळावा लागतो : खरी बरणी कोणती, हे खोलीतल्या कुणालाच ठाऊक नसावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ हा घोडा टापा आपटून गणिते सोडवी. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट यांनी दाखवले, की तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटताना पाहून थांबत असे. कुत्राही माणसाचा चेहरा चांगला वाचतो.

वास पक्का झाला की खूण शिकवतात : मांडीवर पंजा ठेवणे, नाकाने ढोसणे, गळ्यातली दोरी तोंडात धरून उभे राहणे किंवा मीटरची पिशवी आणून देणे. खूण अशी निवडतात, जी कुत्रा एरवी लाडात करत नाही. मग बाजार, बस, दवाखाना, लग्नाचा मांडव अशा गर्दी-गोंगाटात सराव होतो. सगळे मिळून साधारण वर्ष-दीड वर्ष जाते. त्यानंतर शिकण्याची पाळी कुटुंबाची : खूण झाली की आधी बोट टोचायचे, आकडा खाली असेल तरच खाऊ द्यायचा, आकडा ठीक असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघायचे, कारण साखर उताराला लागलेली असू शकते. दर खुणेची वहीत नोंद. ही वही बंद पडली की काही महिन्यांत कुत्रा खाऊसाठी पंजा मारू लागतो.

परिणाम : आकडे एका दिशेचे नाहीत, आणि ते तसेच मांडले पाहिजेत. २०१३च्या एका अमेरिकी प्रयोगात तीन प्रशिक्षित कुत्र्यांना नुसत्या कातडीवरच्या बोळ्यांवरून कमी शुगर ओळखता आली नाही. २०१५च्या प्रयोगात सहा कुत्र्यांनी घामाच्या नमुन्यांतून कमी शुगरचे ५० ते ८७.५ टक्के नमुने बरोबर ओळखले. २०१७ साली आठ रुग्णांच्या अंगावर साखरमापक सेन्सर लावून पाहिले, तेव्हा कुत्र्यांनी सु. ३६ टक्के वेळाच वेळेवर सावध केले, पुष्कळ खुणा फुकट गेल्या, आणि दोघांनीही सूचना दिली तेव्हा सेन्सर बहुधा आधी वाजला. याउलट २०१९ साली ब्रिटनमधील २७ कुत्र्यांच्या चार हजारांवर प्रसंगांच्या नोंदींत कमी शुगर ओळखण्याचे मध्यक प्रमाण ८३ टक्के आणि वाढलेली शुगर ओळखण्याचे ६७ टक्के आले. कुत्र्याकुत्र्यात फरक मोठा. नोंद काटेकोर ठेवणाऱ्या, बक्षीस वेळेवर देणाऱ्या घरातला कुत्रा चांगला निघतो, असा या अभ्यासांचा कल आहे. मागणी वाढली तसा फसवणुकीलाही वाव मिळाला : २०१८ साली व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलने असे कुत्रे विकणाऱ्या एका संस्थेवर दावा लावला. तयार म्हणून दिलेले कुत्रे जेमतेम शिकलेली पिल्ले होती, असा आरोप होता.

महाराष्ट्र व धाराशिव : वासावर कुत्रा शिकवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो आरडीएक्स हुडकणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. स्फोटकाच्या जागी घामाचा बोळा ठेवला तर पद्धत तीच राहते. लष्कराच्या मेरठ येथील केंद्राने ते करूनही दाखवले : फेब्रुवारी २०२१मध्ये कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल आणि जया व मणी हे चिप्पिपराई जातीचे कुत्रे घाम व लघवीच्या नमुन्यांतून कोविड ओळखताना दिल्लीत पत्रकारांना दाखवले गेले. मणी-जयामुळे देशी कुत्र्यांची बाजू भक्कम झाली.

धाराशिव भागात धनगरांच्या वाड्यावर राखणीचा कुत्रा असतोच. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव कारवान आणि लांब केसांच्या पश्मी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. हे सडपातळ, वेगवान कुत्रे नजरेने सावज धरणारे. तासभर एका जागी बसून बरण्या हुंगण्यापेक्षा त्यांना धावणे प्रिय. खाऊसाठी कितीही वेळा तेच काम आनंदाने करणारा लॅब्रॅडॉर म्हणूनच जगभर पुढे राहिला. तरी एकेका कुत्र्याचा स्वभाव जातीपेक्षा मोठा, आणि घरच्या माणसावर जीव टाकणारे गावठी कुत्रेही यातून वगळण्याचे कारण नाही. कँडी आणि सुसी संकरितच होत्या. तुळजापूर तालुक्यातील अणदूर आणि जवळच्या नळदुर्गात वर्षातून आळीपाळीने मुक्काम करणाऱ्या खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा असतो. तिथे त्याला परके मानत नाहीत.

याच अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी व सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभारले आणि गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्य-कार्यकर्त्या, म्हणून शिकवून तयार केले. मराठवाड्यातील टाइप-१च्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था, तर विदर्भात नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांचा ‘ड्रीम ट्रस्ट’ काम करतो. फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याचा सल्ला पेंडसे यांनी सर्वत्र पोचवला. धाराशिवच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत त्या मडक्याचे मोल कळते. प्रस्तुत लेखकाच्या मते या जिल्ह्यात क्रम असा लागतो : आधी इन्सुलिन, मग पुरेशा स्ट्रिप, मग घरात नि शाळेत शुगर उतरल्याची लक्षणे ओळखणारे एक तरी माणूस, आणि त्यानंतर कुत्रा. स्ट्रिप नसलेल्या घरात कुत्र्याची खूण खरी की खोटी, हे ठरवणारे काहीच उरत नाही.

जोखमीचे दिवस इथे पंचांगातच दिसतात. शारदीय नवरात्राचे उपवास, आणि आश्विन पौर्णिमेला लाखो भाविकांची तुळजापूरची पायी वाट. नेहमीचे इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगरची गोळी घेऊन, उपाशीपोटी रात्रभर चालणाऱ्याची साखर वाटेत उतरते आणि सोबतच्यांना वाटते, दमला असेल, बसू द्या. इथे टाइप-२चे रुग्णही सुटत नाहीत.

खुणेनंतर : शुद्धीवर असलेल्याला १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. जिल्ह्यात हाताशी असतो तो पेढा, प्रसादाचा किंवा भूम तालुक्याकडच्या कुंथलगिरी खव्याचा. पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते, त्यामुळे या वेळी साधी साखर किंवा ग्लुकोजची पूड बरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ला फोन करावा.

कुत्र्याचे कामाचे आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत. रेबीजची लस दरवर्षी, आणि त्याची स्वतःची विश्रांती, खेळ, फिरणे रोज. रात्रंदिवस कामावर ठेवलेला कुत्रा झोपतो आणि नेमकी तीच रात्र हुकते. म्हणून तो घरात असला तरी आईची मानेखालची चाचपणी सुटत नाही. निवृत्त झालेला कुत्रा बहुधा त्याच घरी राहतो. नाक मंदावलेले असते, तरी पहाटे एखाद्या वेळी उठून तो पलंगाशी येतो आणि पंजा ठेवतो. अशा वेळीही बोट टोचून आकडा बघतात.