डाग दातांवर, मूळ पाण्यात

दात पांढरे करून घेण्याची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. लग्न ठरलेली मुले-मुली त्यासाठी दंतवैद्याकडे जातात, घरी लावायची जेलही मिळते. पण दातांवरचे डाग घालवण्याचा इतिहास चाळायला घेतला, की आपण अमेरिकेतल्या एका डोंगरपायथ्याच्या गावी जाऊन पोहोचतो.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आला. शिक्षण नुकतेच संपलेले. पाहतो तो काय, गावात जन्मलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर चॉकलेटी रंगाचे डाग! घासून जात नाहीत, पुस्तकांत त्यांचा उल्लेख नाही. गावकऱ्यांना विचारावे, तर प्रत्येकाचे उत्तर निराळे. कुणी म्हणे डुकराचे मांस फार खाल्ल्याने, कुणी म्हणे दूधच निकृष्ट, तर कुणी पाण्यातल्या कॅल्शियमला बोल लावी. पाण्याचे नाव तेव्हाच निघाले होते, एवढे ध्यानात असू द्या.

मॅकेने पिच्छा सोडला नाही. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे त्या काळचे दंतवैद्यकातले मोठे नाव. इतक्या लोकांना असलेला विकार कुठे नोंदलाच गेलेला नाही, हे त्यांना आधी पटेना. १९०९ साली ते स्वतः गावात आले आणि चकित झाले. गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर खुणा होत्या. दोघांनी मिळून बरेच काम केले. दात हिरडीखाली घडत असतानाच हा डाग त्यात बसतो, म्हणून मोठेपणी गावात आलेल्या माणसाला तो होत नाही, हे त्यांना कळले. आणखी एक गोष्ट कोड्यात टाकणारी होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नसत.

कारण सापडेपर्यंत लोक थांबतात थोडेच? १९१६ च्या सुमारास त्याच गावातल्या वॉल्टर केन या दंतवैद्याने हायड्रोक्लोरिक आम्लाने हे डाग घालवण्याचा प्रयोग केला. आम्लाने दाताच्या कठीण आवरणाचा, म्हणजे एनॅमलचा, वरचा पातळ थर झिजतो आणि त्याबरोबर डागही जातो. उपाय जहाल, पण गुण येई. मात्र इकडे दवाखान्यात एकेक दात उजळत होता आणि तिकडे गावातली नवी बाळे तेच पाणी पीत होती.

१९२३ साली मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या आईबापांनी सांगितले, की पाच मैलांवरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आले आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले. पाणी तपासले, तर त्यात संशयास्पद काहीच मिळेना. तरीही मॅकेने तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला, आणि गावाने तो मानला. काही वर्षांत धाकट्या मुलांना स्वच्छ दात येऊ लागले. कारण ठाऊक नसताना एका गावाने एवढा भरवसा टाकावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

कारण उजेडात आले ते आर्कान्सॉ राज्यातल्या बॉक्साइट या गावामुळे. हे गाव ॲल्युमिनियम तयार करणाऱ्या अल्कोआ कंपनीचे. तिथल्या मुलांचे दात डागाळलेले, पाच मैलांवरच्या गावातल्या मुलांचे मात्र चांगले. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात, अशी ओरड त्या काळी होतीच. त्यात ही भर नको, म्हणून कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी पाण्याची बारकाईने तपासणी करवली. १९३१ साली उत्तर आले : फ्लोराइड. ते इतके जास्त निघाले, की पाण्याचा नमुना पुन्हा आणवून खात्री करावी लागली.

योगायोग असा, की घरी दात उजळवण्याची आजची रीतही आर्कान्सॉतलीच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ट स्मिथ गावातल्या क्लुसमायर या दंतवैद्याने हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णांना दातांवर बसणाऱ्या साच्यात एक जंतुनाशक औषध घालून रात्री लावायला सांगितले. त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होते. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही उजळले! ही युक्ती दंतवैद्यांमध्ये तोंडोतोंडी फिरत राहिली आणि १९८९ साली हेवूड आणि हेमन यांनी तिच्यावर शास्त्रीय लेख लिहिला. यात एनॅमल झिजवले जात नाही. पेरॉक्साइड आत झिरपते आणि रंगीत रेणू मोडते. दात काही दिवस शिवशिवतात. चांदी-सिमेंट भरलेला भाग किंवा बसवलेली टोपी मात्र उजळत नाही. फ्लोराइडचे तपकिरी डाग फिके होतात, पांढरे ठिपके तसेच राहतात, कधी सुरुवातीला उठूनही दिसतात.

आता आपल्याकडे पाहू. आंध्रातल्या नेल्लोर भागात फ्लोराइडने हाडे ताठरल्याची नोंद १९३७ सालीच झाली होती. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात ते आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅम ही त्याची योग्य मर्यादा, दुसरे पाणीच नसेल तर दीड. हे पाणी उकळून उपयोग नाही, वाफ गेली की उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने १९७० च्या दशकात यावर साधी रीत बसवली. ती 'नलगोंडा तंत्र' म्हणून ओळखली जाते. पाण्यात ठरलेल्या मापाने चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे. त्यात ब्लीचिंग पावडरही घालतात, पण ती पाण्यातल्या जंतूंसाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)