मदेरा : बागांचे बेट, पाटांच्या वाटा

अटलांटिक महासागरातून फिरणाऱ्या क्रूझ जहाजांचा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील मुक्काम बहुधा एका दिवसाचाच असतो. जहाज सकाळी राजधानी फुन्शालच्या धक्क्याला लागते आणि सायंकाळी नांगर उचलते. प्रवाशाच्या हाती उरतात जेमतेम सात-आठ तास. बहुसंख्य प्रवासी एखाद-दोन बागा पाहून समाधानाने परततात. त्यात वावगे काही नाही. मात्र या बागांतील पुष्कळशी फुले मूळची या बेटावरची नाहीत. आणि त्यांना जगवणारे पाणी ज्या अरण्यातून येते, ते अरण्य शहरातून दिसतही नाही. म्हणूनच निम्मा दिवस बागेला आणि निम्मा पाटाकाठच्या वाटेला द्यावा, हे उत्तम.

मराठी कानांना बेटाच्या नावात 'मदिरा' ऐकू येते आणि येथील वाइन जगप्रसिद्ध आहेही. पण पोर्तुगीज भाषेत 'मदेरा' म्हणजे लाकूड. १४१९ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी येथे उतरले तेव्हा हे निर्मनुष्य बेट घनदाट झाडीने झाकलेले होते. वसाहतीसाठी त्यांनी लावलेली आग सात वर्षे धुमसत होती, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी दक्षिण उतारावरील जंगल गेले आणि तेथे ऊस उभा राहिला, हे खरे.

उसाला पाणी हवे. ईशान्येकडून येणारे दमट वारे उत्तरेच्या डोंगरांना अडतात; धुके झाडांच्या पानांवर साचून थेंबाथेंबाने जमिनीत मुरते. शेती मात्र कोरड्या दक्षिणेला. यावर पंधराव्या शतकापासून उपाय योजला गेला तो 'लेवाडा'चा, म्हणजे चक्क पाटाचा. कड्यांच्या पोटातून, बोगद्यांतून, अगदी मंद उताराने हे पाट पाणी वाहून नेतात. ते खोदण्यात गुलामांचेही श्रम गेले. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्याला 'लेवादेइरो' म्हणतात. आपल्याकडचा पाटकरीच तो. विसाव्या शतकात सरकारने बांधलेल्या मोठ्या पाटांवर वीजही निर्माण होऊ लागली. देखभालीसाठी पाटालगत ठेवलेली अरुंद वाट हीच आज पदभ्रमण करणाऱ्यांची वाट झाली आहे.

एका दिवसाच्या प्रवाशासाठी सोयीची वाट आहे रिबेइरो फ्रिओ येथील 'बाल्कोंइश'. टॅक्सीने तेथवर जावे. पाटाच्या कडेने जाताना साधारण दीड किलोमीटर, येताना तेवढेच; चढ जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना लॉरेल कुळातील सदाहरित वृक्ष, त्यांच्या खोडांवर शेवाळ आणि शेवटी सज्जासारख्या टोकावरून समोर उभी राहणारी शिखरे. त्यांपैकी पिको रुइवो हे सर्वोच्च, सुमारे १,८६० मीटर. हिमयुगापूर्वी दक्षिण युरोपात पसरलेल्या अरण्यप्रकाराचे हे अवशेष. सुमारे १५ हजार हेक्टरच्या या जंगलाला 'युनेस्को'ने १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुपारनंतर ढग उतरतात, त्यामुळे चालणे सकाळीच उरकावे. फुन्शालमध्ये ऊन असले तरी येथे गारवा असतो. अधिकृत पायवाटांना आता शुल्क आहे. शिवाय दरडी किंवा वणव्यामुळे वाट बंद असू शकते. दोन्हींची चौकशी आधीच करावी.

परतीचा रस्ता मोंते गावावरून उतरतो. वाटेत निलगिरीची झाडे लागतात. बाहेरून आणलेली निलगिरी आणि अकेशिया चटकन पेट घेतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वणवा थेट फुन्शालच्या वस्तीत शिरला आणि तिघांचा बळी गेला. ओलसर लॉरेल जंगल सहजासहजी पेटत नाही. कोणते झाड कोठे लावावे, हा येथे केवळ शोभेचा प्रश्न नाही.

मोंते येथील 'मोंते पॅलेस' बाग १९९१ मध्ये खुली झाली. तळी, निळ्या-पांढऱ्या 'अझुलेजू' फरशांची चित्रे, दक्षिण आफ्रिकेतील सायकॅड वृक्षांचा संग्रह; दोन तास सहज जातात. जवळच्या चर्चमध्ये ऑस्ट्रियाचा अखेरचा सम्राट कार्ल याची समाधी आहे. पदच्युत होऊन आलेला हा सम्राट १९२२ मध्ये येथेच वारला. स्थानिक वनस्पती पाहायच्या असतील, तर १९६० पासून खुले असलेले वनस्पती उद्यान अधिक उपयोगाचे. 'मदेराचा अभिमान' म्हणून ओळखली जाणारी जांभळ्या-निळ्या तुऱ्यांची एकियम येथलीच, आणि वसंतात ती फुलते. शहरभर दिसणारी स्ट्रेलित्झिया मात्र दक्षिण आफ्रिकेची.

मोंतेहून उतरण्यासाठी रोपवे आहे. पंधरा मिनिटांत जुन्या शहरात पोहोचवतो. वेताच्या घसरगाडीचे आकर्षण अनेकांना असते. पांढऱ्या पोशाखातले दोघे ती उतारावरून हाकतात. मात्र ती सुमारे दोन किलोमीटरवर, अर्ध्या वाटेतच सोडते, हे ध्यानात असू द्यावे.

जेवणात 'कार्ने द व्हिन्या द'आल्योश' मिळाले, तर गोव्याची आठवण येईल. वाइन-लसणात मुरवलेल्या या पोर्तुगीज मांसातूनच गोव्याचे विंदालू घडले.

भारतीय पारपत्रधारकांना येथे उतरण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. जहाज मधेच मोरोक्कोसारख्या देशात जाणार असेल, तर तो अनेक प्रवेशांचा असावा. आणि स्वतःच्या टॅक्सीने फिरणाऱ्यांनी जहाजावर परतण्याच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर असावे. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही.