तयारीचा क्रम: पदवीची वर्षे आणि व्यवस्थापनशास्त्राचा प्रवेश

१. प्रतिपाद्य

पदवीनंतर एमबीएकडे वळू पाहणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतात: क्लास कधी लावू? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. परीक्षा नोव्हेंबरात असेल, तर तयारी म्हणजे त्याआधीचे सहा-आठ महिने, असे ते गृहीत. ते अपुरे आहे. तयारी अनेक घटकांची बनते आणि प्रत्येक घटक पिकायला लागणारा काळ निराळा असतो. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याची पेरणी सर्वांत आधी करायची, हा शेतीतला साधा नियम इथेही लागू पडतो. म्हणून तयारीचा क्रम घटकांच्या स्वभावावरून ठरवावा, असे या लेखाचे म्हणणे आहे. विवेचनासाठी दोन परीक्षा घेतल्या आहेत: आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट आणि महाराष्ट्र राज्याची एमबीए सीईटी.

२. हाती असलेला काळ

कॅट सामान्यतः नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला ती देता येते. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. जुलैमध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती परीक्षेपर्यंत सुमारे २८ महिने असतात. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचा असल्याने तोवर सहा सत्रांपैकी जेमतेम चार सत्रांचे निकाल लागलेले असतात. थोडक्यात, तृतीय वर्ष उजाडते तेव्हा पदवीच्या गुणांचे चित्र बरेचसे रेखून झालेले असते. चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष वाढते, पण हिशेबाची रीत तीच राहते.

३. घटकांचे वर्गीकरण

तयारीचे घटक चार वर्गांत मांडता येतात. पहिला, साचणारे: शालेय आणि पदवीचे गुण. दुसरा, मुरणारे: वाचनाची आणि गणिताची समज. तिसरा, सरावाचे: प्रश्नपत्रिका सोडवण्याचे तंत्र. चौथा, कागदोपत्री: दाखले आणि प्रमाणपत्रे. साचलेले मागे जाऊन बदलता येत नाही. मुरणारे घाईने मुरत नाही. सरावाचे काही महिन्यांत हाती येते, पण वापरले नाही तर तितक्याच लवकर निसटते. कागद मात्र कचेरीच्या गतीने येतो.

४. साचणारे घटक

अनेक आयआयएम मुलाखतीला बोलावताना आणि अंतिम निवड करताना कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण तसेच कामाचा अनुभव विचारात घेतात. प्रत्येक संस्थेचे भारांकन वेगळे असते आणि ते जाहीर केलेले असते. ते प्रथम वर्षातच वाचावे. दहावीला कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला ते बदलता येणार नाहीत, पण शालेय गुणांना कमी वजन देणाऱ्या संस्था कोणत्या, हे त्याला आधीच कळेल. राज्याच्या कॅप प्रवेशफेऱ्यांत पदवीच्या किमान गुणांची अट पूर्ण झाली की गुणवत्ताक्रम मुख्यतः प्रवेशपरीक्षेवर ठरतो. मुंबईतील १९६५ साली स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या नामवंत ठिकाणी जाण्याची वाट त्यामुळे शाळेत मागे पडलेल्या मुलालाही मोकळी असते. आपली बाजू कुठे कमकुवत आहे हे लवकर कळले, तर दोन्ही वाटा वेळीच खुल्या ठेवता येतात.

५. मुरणारे घटक

२०२४च्या कॅटमध्ये भाषाविभागात २४ प्रश्न होते आणि त्यांतील १६ उताऱ्यांवर होते. उतारे तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान अशा कुठल्याही विषयाचे असतात. लेखकाचे म्हणणे कोणते, त्याने दिलेला आधार कोणता आणि त्याने न बोलता गृहीत धरलेले काय, हे ओळखण्याची तिथे कसोटी लागते. ही सवय शब्दांच्या याद्या पाठ करून लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते की युक्तिवाद उलगडण्याची शक्ती कुठल्याही भाषेत घडते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ मासिक बारकाईने वाचणाऱ्या मुलाने निम्मे काम केलेले असते. उरलेले निम्मे म्हणजे इंग्रजी वाक्यरचनेची ओळख. रोज एक गंभीर इंग्रजी लेख वाचून त्याचा सारांश चार ओळींत लिहिला, तर वर्ष-दीड वर्षात ती होते.

गणिताचा बहुतांश भाग शालेय पातळीचा असतो: शेकडेवारी, गुणोत्तर, वेळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती. कला शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचे गणित दहावीनंतर सुटलेले असते. त्यांनी द्वितीय वर्षाच्या आरंभीच शाळेची पुस्तके पुन्हा उघडावीत. त्यात कमीपणा नाही. पाया तिथेच आहे.

६. सरावाचे घटक

२०२४च्या कॅटमध्ये तीन विभागांत मिळून ६८ प्रश्न आणि १२० मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे पावणेदोन मिनिटे. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे बांधलेली असतात. एकातला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने चारांतले एक उत्तर बरोबर येऊन ३ गुण मिळतात आणि तीन चुकून ३ गुण जातात. हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर मात्र तीन प्रयत्नांमागे सरासरी १ गुण पदरात पडतो. अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे, ती अशी.

सीईटीचा स्वभाव याच्या उलट आहे. २०२५ साली तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एकाला ४५ सेकंद, आणि चुकीला दंड नव्हता. तिथे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. कॅटला निवड करणारा संयम लागतो, तर सीईटीला न अडखळणारा वेग. दोन्ही परीक्षांचे सराव म्हणूनच वेगळे ठेवावेत.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. सुमारे ३ लाख परीक्षार्थी धरले, तर ९९ पर्सेंटाइलच्या वर साधारण ३ हजार उरतात. संस्था विभागवार किमान पर्सेंटाइलही ठरवतात, त्यामुळे एका विभागातली हुशारी दुसऱ्याची उणीव पूर्णपणे झाकत नाही.

७. कागदोपत्री घटक

या वर्गाला विद्यार्थी सर्वांत कमी महत्त्व देतात. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही प्रमाणपत्रे प्रवेशाच्या तोंडावर मागायला गेले, तर कष्टाने मिळवलेली जागा धोक्यात येते. शिवाय राज्याची आणि केंद्राची इतर मागासवर्गीयांची यादी एकच नाही, आणि प्रमाणपत्रांचे नमुनेही वेगळे असतात. महाराष्ट्रातील एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांना लागू होत नाही. आपण कोणत्या प्रवर्गातून कुठे अर्ज करू शकतो, याची खातरजमा द्वितीय वर्षातच करावी.

८. मुलाखत: घटकांचा संगम

मुलाखतीत पदवीचा विषय हमखास निघतो. परीक्षेच्या नादात ज्याने अर्थशास्त्राचे वर्ग बुडवले, त्याला चलनवाढीवर पाच मिनिटे बोलता येत नाही. वाचवलेला वेळ इथे व्याजासह परत द्यावा लागतो. गावाबद्दलही विचारतात. लासलगावच्या मुलीने कांद्याचा लिलाव पाहून आवक, साठवण आणि निर्यातबंदी यांनी भाव कसा हलतो हे समजून घेतले असेल, तर तिच्याकडे सांगण्यासारखे स्वतःचे काही असते. ते कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

९. एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, अठराव्या वर्षी एमबीएच करायचे हे कोणाला ठाऊक असते? आक्षेप रास्त आहे. पण वर्गीकरणाकडे पुन्हा पाहावे. साचणारे आणि मुरणारे घटक, म्हणजे चांगले गुण, खोल वाचन आणि पक्के गणित, कायद्याची प्रवेशपरीक्षा, स्पर्धा परीक्षा, संशोधन, नोकरी सगळीकडे कामी येतात. एकाच परीक्षेपुरते उपयोगी असते ते सरावाचे तंत्र, आणि त्याची वेळ शेवटी येते. म्हणजे ध्येय अनिश्चित असले तरी क्रम हाच राहतो. उलट अनिश्चिततेत तो अधिकच हितकर ठरतो.

१०. निष्कर्ष

प्रथम वर्षात गुण आणि वाचन, द्वितीय वर्षात गणित आणि कागदपत्रे, तृतीय वर्षाच्या तोंडावर सराव, असा हा क्रम आहे. वाचन पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालू राहील. कॅटला प्रयत्नांची मर्यादा नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला अपयश आले तर सराव पुन्हा करता येतो. पदवीची वर्षे मात्र पुन्हा येत नाहीत. क्लास कधी लावू असे विचारणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलाला म्हणून एवढेच सांगावे: क्लासला अजून वेळ आहे, आज कॉलेजच्या वाचनालयात जा.