जोडणारा ‘व’

आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनात मालगाडी थांबली की पोरं डबे मोजतात. मी विचारतो, ४० डबे असतील तर त्यांच्या मधले जोड किती? घाईत ४० म्हणतात, मग हसून ३९ म्हणतात. संगणकाच्या भाषांतली ‘जॉईन’ ही सोय हेच करते. ती यादीतल्या दोन शब्दांच्या मध्ये जोडचिन्ह घालते. शेवटच्या शब्दानंतर मात्र काही घालत नाही.

हे काम कोणाकडे सोपवायचे, यावर भाषा रचणाऱ्यांचे एकमत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ते यादीकडे आहे. जोडचिन्ह सांगितले नाही तर यादी स्वतःच स्वल्पविराम घालते. पायथनमध्ये आधी त्यासाठी वेगळे फंक्शन होते; २००० साली ते काम जोडचिन्हाच्या स्ट्रिंगकडे आले. म्हणून तिथे आधी जोडचिन्ह लिहायचे, मग यादी. नवख्याला हे उलटे वाटते. पण याद्या अनेक प्रकारच्या असतात. प्रत्येकीला जोडणे शिकवण्यापेक्षा जोडणाऱ्यालाच एकदा शिकवले, की काम भागते.

आपल्या बोलण्यातही असा एक जोडणारा आहे: ‘व’. हा अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आला. ‘वगैरे’ या शब्दाच्या सुरुवातीलाही तोच बसला आहे: ‘व’ आणि ‘गैर’, म्हणजे ‘आणि इतर’. शिवरायांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. ‘व’ मात्र मराठीत टिकला. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. तिथल्या कागदातही हाच ‘व’ आणि आजच्या मराठी लग्नपत्रिकेतही हाच.

उर्दूच्या तासाला आणखी एक गंमत दिसते. तिथे हा ‘व’ लिहितात ‘वाव’ या अक्षराने. अलिफ, दाल, रे यांच्याप्रमाणे वावसुद्धा पुढच्या अक्षराला जोडून लिहिता येत नाही. शब्दांना जोडणारे अक्षर लिपीत मात्र पुढून मोकळेच राहते.

आम्हा मराठी मुसलमानांना हमखास विचारले जाते, “तुमची भाषा कोणती, उर्दू की मराठी?” मी उत्तर देत बसत नाही. वर्गात फळ्यावर ‘उर्दू व मराठी’ असे लिहितो आणि मुलांनाच विचारतो, यातला ‘व’ कोणाचा?

अजून वर्गात एकमत झालेले नाही.