मुद्राराक्षस आणि शोधनाची परंपरा

छापील मजकुरात एखादे अक्षर भलतेच पडले, की मराठी वाचक 'हा मुद्राराक्षसाचा प्रताप' असे म्हणून पुढे वाचू लागतो. हे नाव मुळात विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे. तेथे मुद्रा म्हणजे नाव कोरलेली अंगठी आणि राक्षस म्हणजे नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य, ज्याला चाणक्याने त्याच अंगठीच्या साहाय्याने पेचात पकडून अखेर चंद्रगुप्ताच्या सेवेत आणले. पुढे मुद्रणकला आपल्याकडे रुळली, 'मुद्रा' शब्दाला छपाईचा अर्थ जोडला गेला आणि छापखान्यात होणाऱ्या चुकीला हे नाव कायमचे चिकटले. व्यवहारात मात्र ते फार सैलपणे वापरले जाते. लेखकाच्या अज्ञानातून उद्भवलेली चूकही पुष्कळदा या राक्षसाच्या माथी मारली जाते. वस्तुतः हस्तलिखितात जे शुद्ध होते आणि छापताना जे बिघडले, तेवढ्याच दोषाला हे नाव शोभते. मूळ दोष कोणता आणि उतरवताना शिरलेला कोणता, हा विवेक करणे हेच मुद्रितशोधकाचे काम. आणि या कामाची वंशावळ छापखान्याहून कितीतरी जुनी आहे.

पोथ्या हाताने उतरवल्या जात त्या काळी लेखक म्हणजे नक्कल करणारा. समोरच्या पोथीत जसे दिसले तसेच मी लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये, अशा आशयाचे वचन तो पोथीच्या अखेरीस लिहून ठेवी. त्यात विनय होता, तशीच आपल्या जबाबदारीची मर्यादाही त्याने स्वच्छ आखलेली होती. लिहिताना अक्षर चुकले तर त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देऊन ते झाकले जाई आणि लेप वाळल्यावर त्याच जागी योग्य अक्षर लिहिता येई; 'हरताळ फासणे' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातला वाक्प्रचार या लेपातूनच आला आहे. अक्षर गळले असेल तर त्या जागी हंसाच्या पावलासारखी खूण, म्हणजे हंसपद, करून गळालेला भाग समासात लिहीत. आजही शाळेतील मुले वहीत ती खूण करतात.

तथापि पोथीला खरे भय गळालेल्या अक्षराचे नव्हते. लोकप्रिय ग्रंथाची नक्कल करताना कोणी दुर्बोध शब्द काढून सोपा घाली, कोणी भक्तीच्या भरात आपल्या पदरची ओवी मिसळी, आणि दोन-चार पिढ्यांत मूळ कोणते व भर कोणती हे ओळखणे दुरापास्त होई. ज्ञानेश्वरीची अशीच अवस्था झालेली पाहून पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. ज्याच्या भागवतावरील ओव्या घरोघर वाचल्या जाव्यात अशा समर्थ कवीने दुसऱ्याच्या ग्रंथापुढे स्वतःची लेखणी आवरावी आणि त्याचे शब्द त्यालाच परत मिळवून द्यावेत, ही मराठी ग्रंथशोधनाची आद्य आणि अद्याप अढळ अशी कसोटी आहे.

दफ्तरातील चुकीची जात निराळी होती. मोडी लिपीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग मजकूर लिहीत, शब्द तोडीत नसत, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः पाळीत नसत. त्यामुळे इकार-उकाराची चूक हा प्रश्न कारकुनाला पडतच नसे. त्याला धास्ती असे ती रकमेची, तारखेची आणि मौज्याच्या नावाची. कीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद अशी हिशेबाची उतरंड असल्यामुळे आरंभीचा एक आकडा चुकला की सारा ताळा फसे. म्हणून मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहण्याची, म्हणजे रुजवात घेण्याची, शिस्त तेथे काटेकोर होती. हुकमाच्या शेवटी मोर्तब उठवले जाई, ते मजकूर येथे संपला हे दाखवण्यासाठी. त्यापुढे कोणी आगाऊ ओळ घुसडू नये, हाच त्यातला हेतू. हिशेबाच्या वा पत्राच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहिण्याचा जो रिवाज पडला, त्यात देणारा आणि घेणारा दोघेही दुरुस्तीला बांधलेले असत. चूक माझ्या फायद्याची असली तरी ती मी परत करीन, असा तो करार होता.

छापखाना आला आणि चुकीचे स्वरूप पालटले. पोथीतील चूक एका प्रतीपुरती असे. छापील चूक एकाच वेळी शेकडो घरांत जाऊ लागली. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांगे आणि धर्मग्रंथ छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील ग्रंथाला हात न लावणाऱ्या कर्मठांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. परंतु सोवळ्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न शुद्धतेचा होता. कारण पंचांगात एक आकडा फिरला तर एकादशी चुकते, आणि मंत्रात एक स्वर फिरला तर पाठकाचा ग्रंथावरील विश्वासच उडतो. तो विश्वास मिळवला जावजी दादाजींनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात करून १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारख्या विद्वानांनी तेथील ग्रंथांचे संशोधन केले आणि 'निर्णयसागर प्रत' हे शब्द साऱ्या हिंदुस्थानात शुद्ध पाठाची हमी मानले गेले.

ही हमी किती कष्टाने मिळे, हे खिळ्यांची जुळणी पाहिल्यावाचून कळत नाही. देवनागरीचे खिळे काही शेकड्यांनी मोजावे लागतात, कारण मूळ अक्षरांखेरीज अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा यांना वेगळी घरे लागतात. छपाई झाल्यावर फर्मा सोडून हे खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकले जात. त्या वेळी 'भ'चा एक खिळा 'म'च्या घरात पडला, की कंपोझिटरचा हात सवयीने बिनचूक घरात जाऊनही 'मरण'च्या जागी 'भरण' छापले जाई. घ आणि ध, ष आणि प यांचीही हीच गत. ओल्या कागदावर मुद्रित निघे; एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, दुसरा मुद्रितावर नजर ठेवून समासात खुणा करी. खुणेप्रमाणे एक खिळा काढताना शेजारचा हलून नवीच चूक होण्याचा संभव असल्यामुळे दुसरे मुद्रित पाहणे अटळ असे. एवढे करूनही राहिलेल्या चुकांसाठी पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध अशा चार रकान्यांचे शुद्धिपत्र जोडले जाई, आणि वाचकाने प्रथम पुस्तक दुरुस्त करून मगच वाचावे अशी त्याला विनंती असे.

याच विवेकाला शास्त्राचे रूप मिळाले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादनाची सूत्रे हाती घेतली आणि १९६६ मध्ये ते कार्य पूर्ण झाले. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते श्लोकागणिक ताडून त्यांचे पाठभेद तक्त्यांवर नोंदवले गेले. संपादकाला जो पाठ अधिक गोड वाटेल तो न घेता, पुराव्याने जो प्राचीन ठरेल तो स्वीकारावयाचा आणि नाकारलेले पाठही तळटिपांत राखावयाचे, हा तेथला दंडक. नाथांनी श्रद्धेने जे केले तेच येथे पद्धतीने झाले.

मानदंड बदलतात, हे खरे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये मान्य झाले, तेव्हा 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले आणि कालचे शुद्ध आज अशुद्ध ठरले. म्हणूनच जुना ग्रंथ पुन्हा छापताना त्याच्या लेखनाला आजचा नियम सरसकट लावणे मला अन्यायाचे वाटते. लावलाच, तर तसे प्रस्तावनेत सांगितले पाहिजे.

आज खिळे गेले आणि अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. यंत्र शब्द सुचवते आणि पुष्कळदा न विचारता बदलतेही. म्हणजे नक्कल करणाऱ्याने मुळात आपले शहाणपण मिसळावे, हा पोथीच्या काळचा जुना धोका नव्या वेगाने परत आला आहे. अशा वेळी प्रकाशनसंस्था खर्चात कपात करताना पहिला हात मुद्रितशोधकावर टाकतात, हे दुःखद आहे. लेखकाने जे लिहिले ते वाचकाच्या हाती न बिघडता पोहोचावे यासाठी मूळ प्रत शेजारी ठेवून ओळीओळीची रुजवात घेणारा जाणता माणूस प्रत्येक ग्रंथाला मिळाला पाहिजे, त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे, आणि मुद्रकाप्रमाणे त्याचेही नाव ग्रंथावर छापले गेले पाहिजे.