पंगत आणि रंगपंचमी

इंग्रज माणूस इतिहास नुसता लिहीत नाही, बागेत लावतोही. त्यामुळे त्याच्या जुन्या गुलाबांत दंतकथांचं तण फार. दोन रंगमिश्रित गुलाबांचंच पाहा ना!

एक ‘रोझा मुंडी’. दुसऱ्या हेन्री राजाची लाडकी रोझामंड, तिच्यावरून म्हणे हे नाव. बाई वारल्या ११७६च्या सुमारास. फुलाच्या नोंदी मात्र चारशे वर्षांनंतरच्या. प्रेम अमर असतं हे कबूल, पण इतकं उशिरा फुलतं?

दुसरा ‘यॉर्क अँड लँकेस्टर’. ही घराणी १४५५ पासून तीस वर्षं लढली आणि १४८६ साली व्याही झाली. त्या सोयरिकीचं हे फूल, अशी समजूत. नाव इतकं भारदस्त, की मुंडीच्या गळ्यातही लोक हीच चिठ्ठी बांधतात.

मी म्हणतो, चिठ्ठी सोडा, पाकळी बघा. मुंडीची रंगपंचमी : प्रत्येक पाकळीवर किरमिजी पट्टे, शिंतोडे. यॉर्कची मात्र लग्नाची पंगत : एक पाकळी पांढरी, एक गुलाबी, एखादी दोन्हीकडची, पट्टे नाहीत. मुंडीचं झुडूप कमरेएवढं, यॉर्कचं डोक्याएवढं.

शिवाय मुंडीला मधूनच माहेर आठवतं. एखाद्या फांदीवर सबंध लाल फुलं येतात; ती तिच्या मूळच्या, औषधवाल्यांच्या जुन्या गुलाबाची. राजांच्या वंशावळीत भाट हवं ते घुसडतात. इथे फांदी स्वतःच साक्ष देते, तीही बिदागी न मागता.