साहाय्याचा दगड

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून पैलतीरी आले, तेव्हा यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणविले व ते गिलगाल येथे उभे करविले, अशी कथा जुन्या करारात आहे. पुढील पिढीतील मुलांनी त्या दगडांविषयी पृच्छा करावी आणि वडिलांनी त्या दिवसाची हकीकत सांगावी, हा त्यामागील हेतू. कालांतराने पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर शमुवेलानेही असाच एक दगड उभारून त्यास एबनेजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असे नाव दिले. नवल असे की, त्याच ग्रंथात काही अध्यायांपूर्वी याच नावाच्या स्थळी इस्राएलांनी तळ दिल्याचे व त्यांचा दारुण पराभव होऊन कराराचा कोश शत्रूच्या हाती गेल्याचे वर्णन आहे. जयाच्या स्मारकाला पराभवाच्या आठवणीचे नाव मिळाले!

देवाने पूर्वी केलेल्या साहाय्याचे स्मरण ही साधना ख्रिस्ती परंपरेने या कथांतून घेतली. संकटकाळी मनुष्याचे मन प्रथम मागचे उपकार विसरते; म्हणून ते लिहून ठेवण्याचा प्रघात अनेक भक्तांनी पाळला. जर्मनीतील हाल नगरीत ऑगुस्ट हेर्मान फ्रांके याने १६९५ साली अल्पशा देणगीवर गरीब मुलांची शाळा काढली. तीतून पुढे मोठे अनाथगृह उभे राहिले, आणि त्या कार्यात ईश्वराचा हात कसा दिसला याचा वृत्तांत फ्रांकेने छापून प्रसिद्ध केला. फ्रांके १७२७ साली निवर्तला. पण शंभरावर वर्षांनी, १८३५ साली, त्याचे चरित्र इंग्लंडातील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलरच्या हाती पडले. म्यूलर हाल येथेच शिकलेला. पुढील वर्षीच त्याने अनाथगृह उघडले.

पैशासाठी कोणाही मनुष्यापुढे हात पसरावयाचा नाही, मागणे ते देवापाशीच, असा म्यूलरचा नेम होता. आलेल्या पैशाची नोंद तो काटेकोरपणे ठेवी. दुसऱ्या वेळच्या जेवणाची सोय नाही, अशा दिवसांची हकीकतही त्याने आपल्या वृत्तांतात गाळली नाही. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउन येथे पाच इमारती होऊन दोन हजारांवर मुलांची व्यवस्था झाली.

म्यूलरचा तो वृत्तांत १८९५ च्या सुमारास पंडिता रमाबाईंच्या वाचनात आला. इतर देशांत ज्या देवावर विसंबून एवढे कार्य झाले, त्याच्यावर हिंदुस्थानातही विसंबता येणार नाही काय, असा प्रश्न त्यांना पडल्याचे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. लवकरच त्याची कसोटी आली. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ नवा नव्हता. १८७४ साली अशाच उपासमारीच्या दिवसांत त्यांचे आईवडील आणि त्यामागोमाग वडील बहीण मृत्यू पावली होती. त्या आठवणी उराशी घेऊनच त्या मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढीस लागले.

येथे एक अवघड प्रश्न उरतो. ज्यांना अन्न मिळाले त्यांनी साहाय्याचे स्मरण करावे. पण जे उपाशी मेले त्यांचे काय? रमाबाईंनी या प्रश्नाला युक्तिवादाने उत्तर दिले नाही. आईवडिलांच्या उपासमारीची कथाही त्यांनी आपल्या लेखनात स्पष्टपणे लिहिली, आणि स्वतः वाचल्याचा अर्थ त्यांनी इतरांना वाचविण्यात शोधला. फ्रांकेची नोंद म्यूलरला आणि म्यूलरची रमाबाईंना उपयोगी पडली, ती याच रीतीने. केडगावी आलेल्या एखाद्या मुलीने या घराची हकीकत विचारली असती, तर उत्तरात दुष्काळही आला असता आणि साहाय्यही. यार्देनच्या तीरावरील दगडांपाशी मुलांना सांगावयाची कथाही अशीच होती.